धडकेआधीची पाच सेकंदं

४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज आदळली. मागच्या सीटवर बसलेले टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक स्नेही यांचा मृत्यू झाला. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

पुढच्या काही दिवसांत या अपघाताबद्दल तीन आकडे बाहेर आले. पहिला पोलिसांचा होता. वाटेतल्या चेकनाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडी दिसली होती आणि तिथून पुलापर्यंतचे २० किलोमीटर तिने ९ मिनिटांत कापले होते. दुसरा आणि तिसरा आकडा गाडीच्या कंपनीने पोलिसांना दिलेल्या अहवालातला होता. धडकेच्या ५ सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर, धडकेच्या क्षणी ८९.

२० किलोमीटर ९ मिनिटांत, म्हणजे सरासरी ताशी १३३. मग खरा वेग कोणता? १३३, १०० की ८९? तिन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. पहिला २० किलोमीटरची सरासरी आहे, दुसरा आणि तिसरा विशिष्ट क्षणांच्या नोंदी. शिवाय पहिल्या आकड्याला एक मर्यादा आहे. अपघाताची वेळ 'साधारण अमुक वाजता' अशी धरलेली असते. ती एका मिनिटाने मागेपुढे झाली, तर तोच हिशोब एकीकडे १२० आणि दुसरीकडे १५० दाखवतो. एका मिनिटाच्या अंदाजाने दोन टोकांत ताशी ३० किलोमीटरचा फरक पडतो. कोर्टात एखाद्याच्या दोषाचा निवाडा अशा आकड्यावर उभा राहणार असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंची ही मोकळी जागाही आकड्याबरोबरच सांगायला हवी.

अपघाताची अशी फेरमांडणी करणारे अभियंते याच मोकळ्या जागेशी झगडत असतात. धडक होऊन गेलेली असते, गाड्या बाजूला ओढलेल्या असतात, माणसं बोलण्याच्या अवस्थेत नसतात. उरतात त्या खुणा आणि नोंदी. त्यांच्यावरून काळ उलटा फिरवत ती काही सेकंदं पुन्हा उभी करायची असतात.

त्या १०० आणि ८९ मधल्या ११ किलोमीटरकडे जरा थांबून पाहू.

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरची पकड साधारण ०.७ धरतात. म्हणजे गाडीच्या वजनाच्या ७० टक्के एवढा रोधक जोर टायर आणि रस्ता मिळून देऊ शकतात. त्या हिशोबाने ताशी १०० च्या गाडीला पूर्ण ब्रेक लागला, तर ती साधारण ४ सेकंदांत आणि ५६ मीटरमध्ये उभी राहते. धडकेआधी पूर्ण ५ सेकंद करकचून ब्रेक दाबलेला असता, तर धडक झालीच नसती. उलट, १०० वरून ८९ वर यायला पूर्ण ब्रेकला अर्धे सेकंदही लागत नाही. १२ मीटरच्या आत ते काम होते.

तेव्हा या दोन आकड्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी बसू शकतात. एकीत चालकाला पुढचे संकट जाणवलेले आहे आणि पाय हलकेच ब्रेकवर आहे. दुसरीत शेवटच्या अर्ध्या सेकंदापर्यंत काहीच जाणवलेले नाही आणि मग एकदम जोरात ब्रेक लागला आहे. पाच सेकंदांच्या दोन टोकांचे आकडे हा फरक सांगत नाहीत. मधल्या नोंदी सांगतात. म्हणूनच गाडीतल्या नोंदयंत्रासाठी अमेरिकेच्या नियमाने धडकेआधीच्या ५ सेकंदांत दर अर्ध्या सेकंदाचा वेग आणि ब्रेकची स्थिती टिपण्याची अट घातली. तेही अपुरे पडते असे दिसल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलून २० सेकंद आणि सेकंदाला १० नोंदी असा केला गेला. दर मोजमापामागे दहा ते अकरा नोंदींऐवजी आता सुमारे दोनशे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये असे नोंदयंत्र सक्तीचे आहे.

त्याच पाच सेकंदांची रस्त्याची बाजूही आहे. या पुलाजवळ तीन लेनचा रस्ता दोन लेनचा होतो. ताशी १०० ने जाणारी गाडी ५ सेकंदांत १३९ मीटर जाते. या १३९ मीटरमध्ये आपली लेन संपते आहे हे दिसायला हवे, आरशात पाहायला हवे, शेजारच्या लेनमध्ये फट शोधायला हवी आणि गाडी तिकडे न्यायला हवी. तेवढ्यात शेजारी ट्रक असला, तर वेग कमी करून त्याच्यामागे जायला हवे. लेन संपल्याची सूचना किती मीटर आधी दिली होती, जमिनीवरचे पट्टे दिसत होते का, कठड्याचे टोक उघडे होते की त्यापुढे धक्का झेलणारे काही होते, हे मोजल्याशिवाय दोषाचा हिशोब पूर्ण होत नाही. या विशिष्ट अपघातात कोणाचा दोष किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि मी ते इथे करणार नाही. पण मोजायच्या गोष्टी किती आहेत, हे तरी यातून दिसावे.

वेगाबद्दल आपल्या मनातला अंदाज किती चुकतो, याचे मला सर्वांत हादरवणारे उदाहरण पुढचे वाटते. रस्त्यावर अचानक काही आडवे आले, तर ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० ची गाडी तेवढ्यात २५ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटरमध्ये थांबते. एकूण ४५ मीटर. आता त्याच जागी, तशीच गाडी, तसाच सावध चालक, फक्त वेग १००. दीड सेकंदातच त्याचे ४२ मीटर संपतात. ब्रेकला उरतात जेमतेम साडेतीन मीटर. पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्या बिंदूवर दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? ४०? ६०? तो ९७ असतो. पहिल्या गाडीसमोरचा माणूस घाबरून मागे सरकतो आणि घरी जातो. दुसऱ्या गाडीसमोरचा माणूस जवळजवळ पूर्ण वेगाचा मार खातो. फेरमांडणी करणारा तज्ज्ञ न्यायालयात 'वेगमर्यादा पाळली असती तर धडक टळली असती का' या प्रश्नाचे उत्तर देतो, ते अशाच गणिताने. कधी उत्तर 'हो, टळली असती' असे येते. कधी ते 'नाही, ६० वर असता तरी टळली नसती' असेही येते, आणि मग दोष चालकावरून दुसरीकडे सरकतो.

प्रत्यक्ष धडक चालते सेकंदाचा दहावा भाग, फार तर थोडी जास्त. तेवढ्यात गाडीतला संवेदक १५-२० हजारांश सेकंदांत एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवतो आणि पुढच्या २०-३० हजारांश सेकंदांत ती फुगते. माणसाची पापणी लवून पुरती उघडण्याआधी सगळे होऊन गेलेले असते.

या काळात शरीरावर काय येते, हे समजायला १९५४ साली जाऊ. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबरला न्यू मेक्सिकोमधल्या हॉलोमन तळावर रॉकेटच्या घसरगाडीला स्वतःला बांधून घेतले. वेग ताशी १,०१७ किलोमीटरपर्यंत गेला आणि गाडी १.४ सेकंदांत थांबली. कमाल ताण गुरुत्वाकर्षणाच्या ४६.२ पट होता. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासे झाले, पण ते बरे झाले आणि ८९ वर्षे जगले. त्या १.४ सेकंदांतला सरासरी ताण काढला तर तो गुरुत्वाच्या साधारण साडेवीस पट येतो. आता एक साधी कार ताशी ५६ ने भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला, असे धरा. सरासरी ताण तेवढाच, साडेवीस पट. हजार किलोमीटर वेगाच्या रॉकेटवर स्वतःला बांधून घेणाऱ्या माणसाने जो सरासरी ताण सोसला, तो शहरातल्या रस्त्यावरच्या ५६ च्या वेगात दडलेला असतो. स्टॅप वाचले, कारण त्यांना पट्ट्यांनी घट्ट बांधलेले होते.

पट्टा नसेल तर काय होते? ताशी ८९ ने आदळलेल्या गाडीचा पुढचा भाग ८० सेंटिमीटर चेपला असे समजू. गाडी ०.०६५ सेकंदात थांबते आणि सरासरी ताण गुरुत्वाच्या ३९ पट येतो. पट्टा लावलेला माणूस गाडीला जोडलेला असतो. त्यालाही त्या ८० सेंटिमीटरचा आणि पट्ट्याच्या ताणण्याचा फायदा मिळतो. पट्टा न लावलेला माणूस मात्र गाडी थांबत असताना ८९ च्याच वेगाने पुढे जात राहतो. मग समोरच्या सीटवर किंवा खांबावर आदळून तो १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर ताण होतो गुरुत्वाच्या ३०० पटींहून जास्त. ७० किलोच्या माणसावर २१ टनांहून अधिक जोर. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणारा माणूस जमिनीपर्यंत येतो, तेव्हा त्याचा वेग साधारण इतकाच असतो. पट्टा मागे बसणाऱ्यांनाही लागू आहे, हे आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत या अपघाताच्या कितीतरी आधीपासून लिहिलेले होते. २०२२ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसे मेली, त्यांतले जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

वजनाचे गणितही असेच निर्दय आहे. २५ टनांचा भरलेला ट्रक ताशी ६० ने येऊन उभ्या असलेल्या १.२ टनांच्या कारला धडकला आणि दोन्ही अडकून पुढे गेले, तर दोघांचा एकत्रित वेग ५७ च्या वर राहतो. ट्रकवाल्याला ताशी ३ किलोमीटरहून कमी झटका बसतो, कारमधल्या माणसाला ५७ चा. एकाच धडकेत एकाला वीस पट जास्त. 'ट्रकवाला तर सहज खाली उतरला' म्हणून बघ्यांचा राग उसळतो आणि कित्येकदा तिथेच दोष ठरवून टाकला जातो. पण उतरू शकणे ही वजनाची कमाल असते. त्यावरून चूक कोणाची, हे कळत नाही.

रस्त्यावरच्या खुणांमधून वेग काढण्याची पद्धत जुनी आहे आणि आजही उपयोगी आहे, फक्त ती जपून वापरावी लागते. ३० मीटर लांबीची ब्रेकची काळी पट्टी घ्या. पकड ०.७ धरली तर वेग ७३ येतो, ०.८ धरली तर ७८, आणि पावसाने ओल्या रस्त्यावर ०.४ धरली तर ५५. एकाच पट्टीवरून दोन अगदी वेगळे चालक उभे राहतात. म्हणून त्याच जागी, तशाच हवामानात, पकड मोजून घ्यावी लागते. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. गाडी ३० मीटर घसटत गेली आणि मग ताशी ४० ने कठड्यावर आदळली, तर सुरुवातीचा वेग किती? ७३ आणि ४० मिळवून ११३ म्हणावेसे वाटते. खरे उत्तर ८३ आहे, कारण बेरीज ऊर्जेची होते आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८३ आणि ११३ यांच्यामधले ३० किलोमीटर म्हणजे कित्येकदा निर्दोष आणि दोषी यांमधले अंतर.

वळणावर बाजूला घसरत गेलेल्या टायरची वक्र खूणही बोलते. तिच्या दोन बिंदूंमध्ये २० मीटरची दोरी ताणायची आणि मध्यावर खूण दोरीपासून किती दूर आहे ते मोजायचे. ते अंतर १ मीटर भरले तर वेग साधारण ६७. मोजणाऱ्याने १० सेंटिमीटर कमी लिहिले, तर तोच वेग ७० च्या वर जातो. पंचनाम्यात 'अंदाजे एक मीटर' असे लिहिण्याची किंमत इतकी असते. आज लेसर स्कॅनर सेकंदाला सुमारे १० लाख बिंदू टिपतो आणि अख्खे घटनास्थळ काही मिनिटांत मोजून ठेवतो. पण ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात होतो, तिथल्या हवालदाराच्या हातात बहुधा टेप असते आणि मागे तुंबलेल्या वाहतुकीचे हॉर्न असतात.

चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा २०१९ पासून आपल्या नव्या कारमध्ये सक्तीची झाली. ती जीव वाचवते, पण काळ्या पट्ट्या फिक्या करते. त्यामुळे इतर साक्षीदार महत्त्वाचे झाले. जुन्या दिव्यांची तार हा असा एक विलक्षण साक्षीदार होता. धडकेच्या वेळी दिवा चालू असेल, तर २,५०० अंशांच्या आसपास तापलेली टंगस्टनची तार झटक्याने ताणून वाकते; बंद असेल, तर थंड तार तशीच राहते किंवा न ताणता तुटते. रात्री समोरच्या गाडीचे दिवे चालू होते की नव्हते, हा वाद एवढीशी तार सोडवायची. एलईडी आल्यावर ही खूण हळूहळू नाहीशी होते आहे. त्याऐवजी कॅमेरे आले. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात ताशी १०० ची गाडी दर चित्रामागे १.११ मीटर पुढे सरकते. गाडीच्या दोन चाकांमधले माहीत असलेले अंतर मोजपट्टी म्हणून वापरले, तर वेग बऱ्यापैकी अचूक निघतो. पण दहा चित्रांच्या मोजणीत एक चित्र चुकले, तर वेगात दहा टक्के चूक आलीच. रस्त्यालगतच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांमध्ये तर चित्रे मधूनमधून गळतात आणि घड्याळे चुकलेली असतात.

आता देशाचा आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. तासाला ५३ अपघात, १९ मृत्यू. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू. त्याच अहवालात सुमारे ७२ टक्के अपघातांचे कारण 'अतिवेग' असे नोंदवले आहे.

७२ टक्के अपघातांत वेग खरोखर मोजला गेला होता का? आपल्याकडच्या अपघाताच्या फिर्यादी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ते ठरलेले वाक्य पाठ असेल: रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून. किती वेगाने, ते बहुतेकदा लिहिलेले नसते. जीव घेणारा वेग आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे, याबद्दल मला शंका नाही; वर मांडलेले गणितच ते सांगते. पण न मोजता लिहिलेले 'भरधाव' दोन प्रकारे घात करते. खरा बेदरकार चालक न्यायालयातून सुटतो, कारण नुसत्या 'भरधाव' या वर्णनाने गुन्हा सिद्ध होत नाही. आणि रस्त्याचा दोष कायमचा लपून राहतो.

रस्त्याचाही दोष असू शकतो, हे आता कायद्याने मानले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या आरेखनाचे, बांधणीचे किंवा देखभालीचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर कंत्राटदाराला किंवा संबंधित यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालकाच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. दोन शिक्षांच्या वजनात केवढा फरक! मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तर दोष टक्क्यांत वाटला जातो. ५० लाखांची भरपाई मंजूर होत असताना मृताचाच २५ टक्के निष्काळजीपणा ठरला, तर कुटुंबाच्या हातून साडेबारा लाख जातात. हा २५ चा आकडा मोजमापातून यावा की घाईत लिहिलेल्या पंचनाम्याच्या चार ओळींतून?

मोजून पाहिले तर काय हाती लागते, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने दाखवले आहे. ९४.५ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्याआधी काही वर्षांपासून कोइंबतूरच्या जेपी रिसर्च इंडियाचे अभियंते तिथे अपघातस्थळी जाऊन मोजमापे घेत होते. रस्त्याकडेला उभे केलेले ट्रक, दुभाजक आणि पुलांची उघडी काँक्रीट टोके यांसारख्या गोष्टी कारणांच्या यादीत चढल्या. २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशनच्या पुढाकाराने अशा जागा एकेक करून दुरुस्त करायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षांत मृत्यू बरेच उतरले. नुसते 'भरधाव' लिहून फाइल बंद केली असती, तर ती काँक्रीटची टोके तशीच राहिली असती.

म्हणून दोन गोष्टी मागायला हव्यात. आपल्याकडच्या प्रत्येक नव्या वाहनात धडकेआधीच्या सेकंदांची नोंद सक्तीची असावी, आणि ती वाचण्याचे साधन कंपनीच्या प्रयोगशाळेबरोबर जिल्हा पोलिसांकडेही असावे. मृत्यू झालेल्या प्रत्येक अपघातात मोजलेला किंवा गणिताने काढलेला वेग, त्याच्या कमी-जास्त शक्यतेसह, पंचनाम्यात आकड्याने लिहिला जावा.

आणि एक गोष्ट तुम्हाआम्हाला आजच करता येते. अपघाताजवळ थांबलात, तर आधी जखमींना मदत करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, पोलीस चौकशीच्या भीतीने मागे राहू नका. जखमी रवाना झाले, की फोन काढा आणि टायरच्या खुणांचे, काचा पडल्या त्या जागेचे, जवळच्या फलकाचे, दिव्याच्या खांबाचे फोटो घ्या. चेहरे नकोत. फोटोत पाऊल किंवा वीट असे काहीतरी ओळखीच्या मापाचे येऊ द्या. ते फोटो तपास अधिकाऱ्याला द्या. पुढच्या पावसात किंवा पुढच्या तासाच्या वाहतुकीत त्या खुणा पुसल्या जातात.